नातीने लॅक्रोससाठी कॉलेज ठरवलं, पण खेळाची स्कॉलरशिप शून्य. हे कसं?

पाचपाखाडी_पीटीबाई

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले. स्वतः खो-खो खेळले आणि पुढे मुलींना खेळवलं. मुलगी-जावई मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरच्या जवळ असतात. नात आता तिकडच्या बारावीत गेली. अमेरिकेतल्या कॉलेजांची माहिती असलेले बरेच जण इथे लिहितात, म्हणून विचारते.

नात लॅक्रोस खेळते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: काठीच्या टोकाला जाळी, त्यात रबरी चेंडू झेलायचा, पळता पळता दुसरीला द्यायचा आणि सहा फूट बाय सहा फुटाच्या गोलात मारायचा. मूळ खेळ तिथल्या आदिवासी जमातींचा. मेरीलँडने २००४ साली तो राज्याचा सांघिक खेळ म्हणून जाहीर केला, म्हणजे तिथे गल्लोगल्ली खेळतात असं समजा.

मागच्या डिसेंबरात आली तेव्हा काठी बरोबर घेऊन आली होती. रोज सकाळी सोसायटीच्या पंपरूमच्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत झेलायचा. मी बाकावर बसून बघायचे. चेंडू परत येताना काठी ताठ धरली तर तो जाळीवर आपटून बाहेर उडतो. म्हणून ती चेंडूबरोबर हात मागे नेत, कच्चं अंडं झेलावं तसा तो आत घ्यायची आणि लगेच मनगट फिरवत राहायची. मुलींच्या काठीची जाळी उथळ असते, हात थांबला की चेंडू खाली. उजव्या हाताने जितका वेळ, तितकाच वेळ डाव्या हाताने. डाव्या हाताला कंटाळा न करणारी मुलगी मला नोकरीत क्वचितच भेटली, त्यामुळे हिचा खेळ खरा आहे एवढं मला न सांगता कळलं. सेक्रेटरी भिंतीचा रंग जातो म्हणून तक्रार घेऊन आले. त्यांना म्हटलं, रंग कधीच पावसाने गेलाय, पोरीला खेळू द्या.

आता मुद्द्याचं. परवा तिने कॉलेजचा स्वेटशर्ट घालून इन्स्टाग्रामवर फोटो टाकला. खाली कोच, आईबाबा, मैत्रिणी सगळ्यांचे आभार आणि 'मी अमुक कॉलेजला कमिट करते आहे'. घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. डोंबिवलीच्या जाऊबाईंनी पहिला प्रश्न टाकला, 'स्कॉलरशिप किती?' मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, 'खेळाची? शून्य. डिव्हिजन थ्री आहे, आई.' तिकडे कॉलेजच्या खेळांचे तीन स्तर असतात, डिव्हिजन वन सगळ्यात वरचा.

वर कळलं ते असं की गेल्या शरद ऋतूत दुसऱ्या राज्यातल्या एका डिव्हिजन वन युनिव्हर्सिटीने ट्यूशनमध्ये पंचवीस टक्के द्यायची तयारी दाखवली होती. ती हिने नाकारली! आणि आता जिथे जायचंय तिथला वर्षाचा सगळा खर्च नव्वद हजार डॉलरच्या घरात. मुलगी म्हणते, उत्पन्न बघून मदत मिळते, होईल काहीतरी. 'होईल काहीतरी' हे तिचं लहानपणापासूनचं पालुपद.

आमच्याकडे खेळ म्हणजे पदरात काहीतरी पडतं हो. दहावीला क्रीडागुण, पुढे रेल्वे, बँक, पोलीस. माझ्या हाताखालच्या मुली क्रीडा कोट्यातून नोकरीला लागल्या, त्यांची घरं उभी राहिली. इथे चार वर्षं घाम त्यांच्यासाठी गाळायचा आणि फी आपणच भरायची?

तर विचारायचं ते हे. कोचने तोंडी सांगितलंय, कागद कसलाच नाही, मग हे पक्कं कितपत धरायचं? मी आणि ह्यांनी एक एफडी मोडून तिला द्यायची ठरवली आहे, ती आत्ता पाठवावी की थांबावं? आणि पंचवीस टक्के सोडल्याबद्दल नातीशी बोलावं की तोंड मिटून बसावं?

---

ऐरोलीकर_सध्या_बोस्टन

बाई, नमस्कार. मूळचा ऐरोली सेक्टर ८. थोरला मुलगा इथल्याच एका डिव्हिजन थ्री कॉलेजात लॅक्रोस खेळतो, त्यामुळे या सगळ्यातून आम्ही नुकतेच गेलो आहोत.

आधी पैशांचं, कारण तिथेच घोळ होतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला नियमानेच बंदी आहे. नातीला कमी लेखलं असा त्याचा अर्थ नाही, तिथे कुणालाच मिळत नाही. इतकंच कशाला, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही आयव्ही लीगची मंडळी डिव्हिजन वनमध्ये खेळतात, तीही खेळावर एक डॉलर देत नाहीत. जाऊबाईंना हे सांगा, त्या गप्प होतील.

तिकडच्या पंचवीस टक्क्यांचं गणित असं. परवापरवापर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या लॅक्रोस संघाला मिळून जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या. संघात तीसहून जास्त मुली. मग तुकडे करून वाटणं आलंच. २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरच्या खटल्यात कोर्टात तडजोड झाली. त्यानंतर, ज्या युनिव्हर्सिटी त्यात सामील झाल्या त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची ही मर्यादा गेली आणि संघातल्या डोक्यांवर मर्यादा आली, मुलींच्या लॅक्रोसला ३८. कागदावर सगळ्यांना पूर्ण देता येते, पण तेवढे पैसे काढणारी युनिव्हर्सिटी विरळाच. उलट त्या गडबडीत बऱ्याच खेळांत आधी शब्द दिलेल्या मुलांच्या जागा गेल्या.

डिव्हिजन थ्रीत मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर, आणि काही कॉलेजांत गुणांवर. विल्यम्स, ॲमहर्स्ट, मिडलबरी यांच्यासारखी कॉलेजं गुणांवर देत नाहीत, फक्त गरजेवर देतात, पण गरज ठरली की हात आखडत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो ठेवणं त्यांना कायद्यानेच भाग आहे. मुलीला म्हणावं अर्धा तास बस आणि आकडे घाल. 'होईल काहीतरी'चा निदान अंदाजे आकडा तरी समोर येईल.

आता पक्कं किती ते. कोचचा शब्द कोणालाच बांधून घेत नाही, ना कॉलेजला ना मुलीला. प्रवेश देणारं खातं वेगळं, कोच वेगळा. पण या कॉलेजांत एक प्रथा आहे, प्री-रीड. अकरावी संपल्यावर जुलैत कोच मुलीची मार्कशीट आणि बारावीचे विषय प्रवेश विभागाकडे नेतो. ते बघून सांगतात, ही बसेल, ही कठीण आहे, हिचा नाद सोडा. त्यानंतरच शहाणा कोच शब्द देतो. तेव्हा नातीला एवढंच विचारा: प्री-रीड झालं का आणि उत्तर काय आलं? 'हो, चांगलं आलं' म्हणाली तर निम्मी काळजी मिटली.

उरलेली निम्मी नोव्हेंबरात. अर्ली डिसिजनने अर्ज करायचा, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. हा अर्ज बांधून घेणारा असतो, प्रवेश मिळाला तर जायचंच. फक्त मिळालेली मदत खरोखर पुरत नसेल तर सुटका मागता येते. आणि बारावीचे मार्क घसरू द्यायचे नाहीत, ते शेवटपर्यंत बघतात.

---

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

आजींचा आदर राखून: आपल्या पोरांना कबड्डीला मैदान नाही, उन्हाळ्यात क्लब क्रिकेटला नेट मिळत नाही, आणि आपण इथे अमेरिकेतल्या जाळीच्या काठीची चर्चा करतोय. हा श्रीमंतांचा खेळ आहे. क्लबची फी, प्रत्येक वीकेंडला दुसऱ्या राज्यात टुर्नामेंट, हॉटेल. एवढे पैसे खेळात घातले ते बँकेत ठेवले असते तर आज स्कॉलरशिपची वाटच बघावी लागली नसती.

---

पाचपाखाडी_पीटीबाई

@घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त मैदानांबद्दल अगदी बरोबर, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली सही करते. शाळेच्या मैदानात लग्नाचे मंडप बघत माझी नोकरी गेली. क्लबच्या खर्चाबद्दलही खोटं नाही, जावई दर शनिवारी पहाटे गाडी काढतो ती रविवारी रात्री परत येते.

पण 'तिकडचा खेळ' म्हणून झटकू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीची बैठक आपल्या बीकेसीतच भरली होती, त्यात २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट आलं. आपण सगळे क्रिकेट क्रिकेट करत नाचलो. त्याच ठरावात लॅक्रोसही आलंय, सहा-सहाच्या संघांचं. याआधी १९०४ आणि १९०८ ला त्याची पदकं होती, मग शंभराहून जास्त वर्षं नाही.

@ऐरोलीकर तुम्ही फार नीट सांगितलंत. प्री-रीडचं आज रात्री विचारते.

---

वाशीचा_सीए

बाई, एफडी मोडू नका. निदान आत्ता नाही.

मदतीचा फॉर्म भरताना नातीच्या नावावरचा पैसा आणि आईवडिलांच्या नावावरचा पैसा वेगवेगळा मोजतात. सरकारी फॉर्ममध्ये नातीच्या नावावरच्या रकमेचे २० टक्के दरवर्षी खर्चाला उपलब्ध आहेत असं धरतात, आईवडिलांच्या बाबतीत जास्तीत जास्त ५.६४ टक्के. तुम्ही प्रेमाने नातीच्या खात्यात टाकलेत की कॉलेज म्हणणार, हिच्याकडे आहेत की. म्हणजे तुमची एफडी तुमच्या नातीला नाही, कॉलेजच्या तिजोरीला भेट. खासगी कॉलेजं बहुतेक सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म मागतात, तो जास्त खोलात जातो, नातेवाइकांकडून मिळणाऱ्या मदतीबद्दलही विचारतो. खोटं लिहायचं नाही, पण घाईने रक्कम हलवायचीही नाही. मदतीचं पत्र हातात येऊ द्या, तूट किती ते कळू द्या, मग बोलू.

पाठवायची वेळ आली तर: एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तुम्ही दोघं वेगवेगळे पाठवू शकता. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पाठवतानाच बँक कापते तो कर) नाही, त्यावर कापतात आणि तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. तिकडे मुलीला एका वर्षात परदेशातून १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर ३५२० नंबरचा फॉर्म भरावा लागतो. कर नसतो, पण विसरलं तर दंड जबर आहे. तुमची एफडी तेवढी असेल असं वाटत नाही, असेल तर माझ्याकडे या 😀

---

लेन_चार

आजी, मी खारघरची. डिव्हिजन वनला चार वर्षं पोहले, आता महापेत नोकरी करते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं: पंचवीस टक्क्यांबद्दल नातीला टोचून बोलू नका.

मलाही अशीच अर्धवट स्कॉलरशिप होती. घरी पेपरात फोटो वगैरे. ती दर वर्षी नव्याने ठरायची हे मला तिथे गेल्यावर कळलं. दुसऱ्या वर्षी कोच बदलला, नवीन आला तो स्वतःची माणसं घेऊन आला आणि माझं नाव यादीत खाली खाली सरकत गेलं. कोणी वाईट वागलं असं नाही. मी मिळवत असलेले सेकंद आणि मला मिळणारे डॉलर यांचा हिशोब रोज कोणीतरी करतंय ही जाणीव मात्र डोक्यातून जात नाही. खांदा दुखायला लागल्यावर तो मी पहिले काही आठवडे कोणाला सांगितलाच नाही, त्याचं कारण हेच.

नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तास. त्यात बसचा प्रवास नाही, फिजिओकडे घालवलेला वेळ नाही. मला केमिस्ट्री करायचं होतं, लॅब दुपारी, सराव दुपारी. ॲडव्हायझर गोड बोलून म्हणाली, दुसरा विषय बघूया का? बघितला. आज त्याच विषयावर पोट भरतेय, तक्रार नाही, पण निवड माझी नव्हती.

मजाही भरपूर केली हे सांगायला हवं. संघाच्या मुली आजही जिवाभावाच्या आहेत आणि ते पाणी, ते पूल मी विसरणार नाही. कुणी डिव्हिजन वनला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. सगळा खर्च उचलत असतील तर गोष्ट वेगळी. पंचवीस टक्क्यांत मात्र ते तुम्हाला पूर्ण वेळ विकत घेतात.

एक गोष्ट तुम्ही पीटी शिकवलीत म्हणून सांगते. मुलींच्या लॅक्रोसमध्ये पळता पळता एकदम दिशा बदलायची असते, गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा आतला बंध, जातो. डिव्हिजन थ्रीत मदत खेळाशी जोडलेलीच नसते. उद्या गुडघा गेला, किंवा तिला खेळणंच नको झालं, तरी मदत तशीच राहते.

---

पाचपाखाडी_पीटीबाई

काल रात्री नातीशी तासभर बोलले. मुलीला मध्ये बोलू दिलं नाही.

प्री-रीड झालंय, जुलैतच. कोचने फोन करून सांगितलं की प्रवेश विभाग 'पूर्ण पाठिंबा' म्हणाला. म्हणजे @ऐरोलीकर म्हणतात ती निम्मी काळजी गेली.

पंचवीस टक्क्यांचा विषय मी काढला नव्हता, तिनेच काढला. गेल्या वर्षी १ सप्टेंबरला अकरावीच्या मुलींशी बोलायला कोचना परवानगी मिळते म्हणे, आणि बरेच जण घड्याळात बारा वाजायची वाट बघत बसलेले असतात. हिला त्या डिव्हिजन वनच्या बाईंचा फोन मध्यरात्रीच आला. घरात सगळे जागे, जावयाने आइस्क्रीम आणून ठेवलेलं. नंतर ती तिथे जाऊन राहून आली. कोच म्हणाल्या, तू आमच्याकडे बचावात खेळशील, पहिली दोन वर्षं बहुधा बाकावर. हिचा जीव ड्रॉमध्ये. मुलींचा सामना ड्रॉने सुरू होतो: दोघी समोरासमोर उभ्या, दोघींच्या जाळ्यांच्या मध्ये चेंडू दाबून धरलेला, कमरेच्या उंचीवर. शिट्टी झाली की दोघी काठ्या वर ओढतात आणि चेंडू डोक्यावरून उडतो. तो आपल्या बाजूला कसा उडेल याचं सगळं काम मनगटात आणि उभं राहण्यात. गोल झाला की पुन्हा ड्रॉ. म्हणजे जिचं ड्रॉवर राज्य तिचा संघ चेंडू सोडतच नाही. या नव्या कॉलेजच्या कोचने तिचा ड्रॉ बघण्यासाठी मुद्दाम एका टुर्नामेंटमध्ये तीन सामने काठावर खुर्ची टाकून काढले आणि मग येऊन डाव्या पायाच्या ठेवणीवर बोलल्या. हे ऐकलं आणि मला त्या बाई पटल्या. पायांकडे बघणारा कोच म्हणजे काम जाणणारा कोच.

बायोलॉजीच्या लॅबचंही तिने आधीच विचारून घेतलंय. लॅब असली तर सरावाला उशिरा आलं तरी चालतं, संघातल्या अर्ध्या मुली तेच करतात म्हणाली. @लेन_चार, तुझी पोस्ट तिला मराठीतूनच वाचून दाखवली. 'खांदा सांगितला नाही' इथे ती गप्प झाली. तिच्या क्लबमधल्या एकीचा गुडघा मे महिन्यात गेलाय आणि तिला आधी बोलावणारे दोन कोच आता फोन उचलत नाहीत म्हणे. मग मी तिला एका पायावर उतरून गुडघा आत वळतो का ते कॅमेऱ्यासमोर करून दाखवायला लावलं. उजवा थोडा वळतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे व्यायाम दिलेत, व्हिडिओ पाठवायला सांगितलंय.

एफडीला हात लावलेला नाही. ह्यांना जरा वाईट वाटलं, ते फॉर्म आणायला बँकेत जाऊन आले होते.

@ऐरोलीकर, एक राहिलं. तिच्या मैत्रिणी नोव्हेंबरात सही करतानाचे फोटो काढणार आहेत, डिव्हिजन वनवाल्या. हिचं तसं काही असतं का? आणि मदतीचा फॉर्म प्रवेश मिळाल्यावर भरायचा की आधी?

---

ऐरोलीकर_सध्या_बोस्टन

नोव्हेंबरातली सही म्हणजे स्कॉलरशिपच्या करारावरची. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट असायचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता थेट मदतीच्या करारावर सही घेतात. तोपर्यंत डिव्हिजन वनवाल्यांचाही शब्दच असतो, हे लक्षात घ्या. डिव्हिजन थ्रीवाल्यांसाठी एक नुसता शोभेचा फॉर्म आहे, प्रवेश मिळाल्यावर सही करून फोटो काढायला. बंधन कसलंच नाही. आमच्याने वसंतात शाळेच्या जिममध्ये टेबल मांडून काढला, आजीला पाठवला, आजीने फ्रेम केला.

फॉर्म मात्र आधी! अर्ली डिसिजनवाल्यांना सीएसएस प्रोफाइल नोव्हेंबरातच मागतात, तारीख प्रत्येक कॉलेजची वेगळी आणि ती प्रवेशअर्जाच्या तारखेला चिकटूनच असते. लेकीला म्हणावं, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न आत्ताच काढून ठेव. शिवाय प्री-रीड झालंच आहे तर कोचला विचारून आर्थिक मदतीचाही आगाऊ अंदाज मागता येतो. बरीच कॉलेजं खेळाडूंना तो देतात. बांधून घेणारा अर्ज करण्याआधी तो आकडा हातात हवा.

---

पाचपाखाडी_पीटीबाई

हे तिने मागितलेलं नाही, आत्ताच विचारलं. उद्या सकाळी तिथल्या ऑफिसला ईमेल करते म्हणाली. मी म्हटलं उद्या नको, आज, आणि मला सीसी कर.